ऋणनिर्देशाबाहेरचे देह

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील पाचव्या अध्यायात शरीराची अंतर्रचना प्रत्यक्ष पाहण्याची रीत सांगितली आहे. त्यासाठी मृतदेह कसा निवडावा याचे नियम बारकाईने दिलेले आहेत : त्याचे सर्व अवयव शाबूत असावेत, मृत्यू विषाने आलेला नसावा, माणूस दीर्घ आजाराने खंगलेला नसावा आणि वयाच्या शंभरीला पोहोचलेला नसावा. आतड्यांतील मळ काढून, देह मुंज, झाडाची साल, कुश किंवा ताग अशा कशात तरी गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडबाजूला ठेवावा. सात रात्रींनंतर तो नीट कुजला की बाहेर काढावा, आणि वाळा, केस किंवा वेळू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा प्रत्येक भाग डोळ्यांनी पाहावा, असे ग्रंथकार सांगतो. वैद्याने नुसत्या पाठांतरावर विसंबू नये हा त्यामागचा आग्रह आजही पटण्यासारखा आहे. हा देह कोणाचा असावा, तो कोणाकडून मागून आणावा, याविषयी मात्र तेथे एक अक्षरही नाही.

हे मौन सुश्रुतापुरते मर्यादित नाही. शरीररचनाशास्त्र म्हणजे अवयव, स्नायू, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांची जागा व परस्परसंबंध सांगणारे शास्त्र. ते माणसाच्या देहावाचून एक पाऊलही पुढे जाऊ शकले नसते. तरीही त्याच्या जुन्या ग्रंथांतील प्रस्तावना आणि ऋणनिर्देश चाळले, तर आश्रयदाते, गुरू, चित्रकार, ठसे कोरणारे कारागीर, मुद्रिते तपासणारे मित्र या सर्वांचे आभार सापडतात, आणि ज्याच्या देहावरून चित्र काढले तो माणूस तेवढा सापडत नाही. याला कृतघ्नपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु आभार देणाऱ्याचे मानायचे असतात, आणि या शास्त्राच्या इतिहासाच्या बहुतेक काळात देह कोणी दिलेला नव्हता, तो घेतलेला होता. त्या अर्थाने ऋणनिर्देशातील ती रिकामी जागा प्रामाणिकच म्हणावी लागते. ती कशी पडली आणि अलीकडे ती कितपत खरेपणाने भरली जात आहे, हे समजण्यासाठी देह कोठून येत गेले याचाच माग काढावा लागतो.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि एरासिस्ट्राटस यांनी मानवी देहांचे विच्छेदन केले. राजाने त्यांना तुरुंगातले गुन्हेगार पुरवले आणि त्यांना जिवंतपणीच चिरले गेले, अशी हकीकत रोमन लेखक सेल्सस याने नोंदवून ठेवली आहे. त्यानंतरच्या दीर्घ खंडानंतर चौदाव्या शतकाच्या आरंभी इटलीतील बोलोन्या येथे मोंदिनो दे लुझ्झी याने विच्छेदनाला अध्यापनात पुन्हा स्थान दिले, आणि तेथून पुढे युरोपात फाशीचे तख्त हेच शरीरशास्त्रज्ञाचे मुख्य पुरवठादार ठरले. आंद्रेआस व्हेसालियस याचा १५४३ मध्ये बाझेल येथे छापलेला 'दे हुमानी कॉर्पोरिस फाब्रिका' हा ग्रंथ आधुनिक शरीररचनाशास्त्राचा पाया मानला जातो. त्याच्या प्रारंभीच्या प्रसिद्ध चित्रात भरगच्च सभेच्या मध्यभागी ज्या स्त्रीचे उदर उघडलेले दिसते, तिने फाशी टळावी म्हणून आपण गरोदर असल्याचे सांगितले होते, ही माहिती खुद्द व्हेसालियसनेच दिली आहे. ती त्याने ज्या थंडपणे दिली आहे, त्यावरून अशा बाईचे आपण काही देणे लागतो ही कल्पनाच त्या काळच्या विद्वानाच्या मनात नव्हती हे कळते. त्याच वर्षी बाझेलमध्ये याकोब कारर नावाच्या गुन्हेगाराला देहान्त शासन झाले, व्हेसालियसने त्याचे विच्छेदन करून सांगाडा जोडला, आणि तो सांगाडा तेथील विद्यापीठाच्या संग्रहालयात आजही उभा आहे. रेम्ब्रांटच्या १६३२ च्या चित्रात डॉक्टर टुल्प ज्याच्या हाताचे स्नायू उचलून दाखवत आहेत, तो आरिस किंट या नावाने ओळखला जाणारा, चोरीसाठी फाशी गेलेला माणूस होता. या दोघांची नावे टिकली ती न्यायालयाच्या दप्तरांमुळे. शास्त्राच्या इतिहासात अपराध्याला निदान नाव तरी मिळाले, निरपराध गरिबाच्या वाट्याला पुढे तेही आले नाही.

इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळात, १५४० मध्ये, न्हावी आणि शल्यचिकित्सक यांच्या संयुक्त मंडळाला दरवर्षी फाशी गेलेल्या चार गुन्हेगारांचे देह देण्याची तरतूद झाली. याहून दूरगामी ठरला तो १७५२ पासून अमलात आलेला खुनाविषयीचा कायदा. त्यानुसार खुन्याच्या प्रेताला दफन नाकारले गेले. ते एकतर साखळदंडांत लटकत ठेवायचे किंवा विच्छेदनासाठी शल्यचिकित्सकांच्या हवाली करायचे, कारण नुसत्या फाशीची दहशत पुरेशी नाही, मरणानंतरच्या विटंबनेची जोड तिला हवी, असे कायदा करणाऱ्यांना वाटले. शास्त्राला देह मिळावेत हा हेतू त्यात होता, पण मुख्य हेतू शिक्षेचा होता, आणि त्याचा परिणाम शास्त्रालाच दीर्घकाळ भोगावा लागला. विच्छेदन म्हणजे खुन्याची गत, हे समीकरण लोकांच्या मनात इतके घट्ट बसले की कोणी सज्जन माणूस आपला देह आपखुशीने देईल ही शक्यताच उरली नाही.

दरम्यान लंडन आणि एडिंबरा येथे वैद्यकाचे विद्यार्थी वाढत होते, खाजगी शरीरशास्त्र शाळा निघत होत्या, आणि फाशीचे देह अगदीच अपुरे पडत होते. ही तूट कबरी उकरणाऱ्यांनी भरून काढली. प्रेत ही इंग्रजी कायद्याने कोणाचीच मालमत्ता नव्हती, त्यामुळे ते पळवणे हा चोरीचा गुन्हा ठरत नसे, कफन किंवा अंगावरचा दागिना नेला तर मात्र ठरे. म्हणून हे लोक वस्त्रे पेटीत परत टाकून उघडे प्रेत पोत्यात भरून नेत. श्रीमंतांनी आपल्या कबरींवर लोखंडी पिंजरे बसवले, गरिबांनी रात्ररात्र पहारे दिले. १८२७-२८ मध्ये एडिंबरात विल्यम बर्क आणि विल्यम हेअर यांनी उकरण्याचे कष्टही वाचवले. हेअरच्या भाड्याच्या वसतिघरात भाडे थकवून वारलेल्या एका म्हाताऱ्या निवृत्त सैनिकाचे प्रेत त्यांनी डॉक्टर रॉबर्ट नॉक्स यांच्या शाळेला साडेसात पौंडांना विकले, आणि हा धंदा किफायतशीर आहे असे पाहून पुढे सोळा माणसांचे खून करून त्यांची प्रेते तेथेच पोहोचवली. हेअर माफीचा साक्षीदार झाला. बर्कला जानेवारी १८२९ मध्ये फाशी देऊन त्याच कायद्यान्वये त्याचे विच्छेदन केले गेले, आणि त्याचाही सांगाडा एडिंबरा विद्यापीठात जपून ठेवलेला आहे. नॉक्स यांच्यावर खटला झाला नाही. ताजी प्रेते एकामागून एक येत असताना ती कोठून येतात हे त्यांनी विचारले नव्हते, आणि न विचारण्याची ही सवय त्या एका डॉक्टरापुरती नव्हती.

या प्रकरणांनी हादरलेल्या ब्रिटिश संसदेने १८३२ मध्ये शरीररचनाशास्त्रविषयक कायदा संमत केला. त्याने खुन्यांच्या विच्छेदनाची शिक्षा रद्द केली, शाळांना परवाने आणि तपासनीस लावले, विच्छेदनानंतर दफनाची सक्ती केली. आणि ज्याच्या ताब्यात प्रेत कायदेशीररीत्या असेल त्याला ते विच्छेदनासाठी देण्याचा अधिकार दिला. या शेवटच्या कलमातच सारी मेख होती. निराधारांना काम आणि अन्न देणाऱ्या सरकारी आश्रमांना तेथे 'वर्कहाऊस' म्हणत. अशा आश्रमात किंवा धर्मादाय रुग्णालयात कोणी वारले आणि दफनाचा खर्च करणारे नातलग पुढे आले नाहीत, तर प्रेताचा कायदेशीर ताबा त्या संस्थेच्या व्यवस्थापकाकडे येई. 'बेवारस' हा वर्ग येथे कायद्याने घडवला गेला. इतिहासकार रूथ रिचर्डसन यांनी १९८७ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, जी गत कालपर्यंत खुन्याची होती ती या कायद्याने दरिद्र्याची झाली. १८३२ मध्येच ६ जून रोजी तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम वारले. त्यांनी मृत्युपत्राने आपला देह विच्छेदनासाठी दिला होता, आणि तीन दिवसांनी त्यांचे मित्र डॉक्टर साउथवूड स्मिथ यांनी निमंत्रितांसमोर तो उघडला. कपडे चढवलेला त्यांचा सांगाडा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आजही पाहायला मिळतो. स्वेच्छेच्या देहदानाचे इतके गाजलेले उदाहरण डोळ्यांसमोर असतानाही कायदा त्या दिशेने वळला नाही, कारण एकट्या तत्त्वज्ञाच्या देहाने शाळा चालत नव्हत्या आणि वर्कहाऊसच्या देहांनी चालणार होत्या.

या कायद्याच्या छायेत जो ग्रंथ तयार झाला, त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे. 'ग्रेज ॲनाटमी' या नावाने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेले पुस्तक १८५८ मध्ये लंडनमध्ये निघाले. मजकूर हेन्री ग्रे यांचा होता, पण पुस्तकाला दीर्घायुष्य दिले ते हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांच्या ३६३ आकृत्यांनी. चित्रकाराचा मुलगा असलेल्या आणि स्वतः डॉक्टर झालेल्या कार्टर यांनी सुमारे दीड वर्ष ग्रे यांच्यासोबत विच्छेदने केली आणि आकृत्या काढल्या. आकृतीबाहेर अ, ब, क अशी अक्षरे घालून खाली लांबलचक यादी देण्याची तोपर्यंतची पद्धत टाळून त्यांनी अवयवाचे नाव त्या अवयवावरच लिहिले, आणि त्यामुळे चित्राकडे पाहतापाहताच विद्यार्थ्याला नाव कळू लागले. प्रस्तावनेत ग्रे यांनी कार्टर यांचे आभार मानले आहेत, मुद्रिते तपासणाऱ्या टिमथी होम्स यांचे मानले आहेत, ठसे कोरणाऱ्या कारखान्याचाही उल्लेख केला आहे. देहांचा उल्लेख एवढाच की, बहुतेक चित्रे दोघांनी मिळून नुकत्याच केलेल्या विच्छेदनांवरून काढली किंवा दुरुस्त केली आहेत. चित्रांत कोठे एखाद्या चेहऱ्याची कड, मिटलेली पापणी, बाजूला वळवलेली हनुवटी दिसते; ती लंडनच्या कोणा गरीब माणसाची आहे, आणि पुस्तकाच्या लेखी तो माणूस म्हणजे एक ताजे विच्छेदन आहे. कार्टर यांच्या स्वतःच्या वाट्यालाही फार काही आले नाही. पुस्तकाच्या विक्रीवर मानधन मिळाले ते ग्रे यांना, चित्रकाराला नाही. आभारांच्या यादीतही अशी चढउतार होती, आणि त्या यादीच्या पार बाहेर, सर्वांत तळाशी, देह होते.

पुस्तक बाहेर पडले तेव्हा कार्टर मुंबईत पोहोचलेले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र शिकवले, पुढे सातारा येथे सिव्हिल सर्जन म्हणून काही वर्षे काढली, कुष्ठरोगावर दीर्घ संशोधन केले, आणि पायाला गाठी व छिद्रे पाडणाऱ्या 'मदुरा फूट' या बुरशीजन्य रोगाला 'मायसेटोमा' हे शास्त्रीय नाव दिले. ज्या कॉलेजात ते आले ते १८४५ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाला जोडून सुरू झाले होते. त्याआधी १८२६ मध्ये मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी एक सरकारी शाळा निघून १८३२ मध्ये बंद पडली होती. गोव्यात पोर्तुगीज शासनाने १८४२ मध्ये वैद्यकशाळा उघडली होती. आणि कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी स्वतःच्या हाताने शवविच्छेदन करून उच्चवर्णीय हिंदू विद्यार्थ्यांपुढे उदाहरण घालून दिले होते. त्या प्रसंगी किल्ल्यावरून तोफांची सलामी झाली अशी आख्यायिका आहे. मुंबईच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्यांत भाऊ दाजी लाड आणि पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झालेले आत्माराम पांडुरंग होते.

या घटनांचे वर्णन आपल्याकडे नेहमी धैर्यकथा म्हणून केले जाते : प्रेताला शिवण्याचा विटाळ मोडून काढणारे तरुण, त्यांना विरोध करणारा कर्मठ समाज, आणि अखेर शास्त्राचा विजय. त्यात तथ्य आहेच. पण सुरी धरणाऱ्या हाताच्या या कथेत टेबलावर निजवलेल्या माणसाला जागाच नाही, आणि तोफांच्या सलामीच्या आख्यायिकेत तो देह कोणाचा होता हा प्रश्न कोणी विचारलेला आढळत नाही. नव्या कॉलेजांना देह मिळाले ते जोडलेल्या रुग्णालयांतून, म्हणजे दूरच्या मुलखातून पोटासाठी शहरात आलेल्या आणि मागे कोणी नसलेल्या माणसांचे. विटाळाची भीती शिक्षणाने गेली. परंतु सरकारी इस्पितळात गेलेला माणूस धड परत येत नाही, ही गरिबांची भीती गेली नाही, आणि तिला निव्वळ अडाणीपणा म्हणता येत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा इस्पितळात माणसांना मारून त्यांच्या अंगातून 'मोमियाई' नावाचे औषधी तेल काढतात अशा अफवा पसरल्या, आणि ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेलाची गोष्ट खोटी होती. पण मेल्यावर गरिबाच्या देहावर त्याचा स्वतःचा अधिकार राहत नाही, ही त्या अफवेच्या तळाशी असलेली जाणीव चुकीची नव्हती.

समुद्रापलीकडे याच सुमारास वेगळे काही चालले नव्हते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या, त्याच्या आदल्या डिसेंबरात त्या शहरात मोठा गदारोळ झाला होता. लेबनन नावाच्या कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीतून प्रेते उकरून जेफरसन मेडिकल कॉलेजाला पुरवली जात असल्याचे उघडकीस आले होते, आणि त्यावर उपाय म्हणून १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने कायदा कडक करून सार्वजनिक संस्थांतील बेवारस प्रेते शरीरशास्त्र मंडळामार्फत महाविद्यालयांत वाटणे बंधनकारक केले. कबरी वाचल्या, आणि भार धर्मशाळा व अनाथालयांतील मृतांवर सरकला. १८८६ मध्ये पदवी घेऊन परतलेल्या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्री-डॉक्टरच्या शिक्षणामागेही अशी एक व्यवस्था उभी होती. आनंदीबाईंच्या चरित्रावर लिहिणाऱ्यांनी तिची दखल घेण्याचे कारण नव्हते, हे मान्य करूनही ती येथे नोंदवणे भाग आहे.

स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मुंबई राज्याने १९४९ मध्ये शरीररचनाशास्त्र अधिनियम केला, आणि रुग्णालय, तुरुंग किंवा सार्वजनिक जागी मरण पावलेल्या व ठरावीक मुदतीत जवळच्या नातेवाइकाने न मागितलेल्या देहांचा पुरवठा वैद्यकीय संस्थांना करण्याची रीत ठरवून दिली. साचा १८३२ चाच होता. पुढे दुरुस्तीने या कायद्यात दान केलेल्या देहांचाही समावेश झाला, त्यामुळे आज त्याच्या शीर्षकातच बेवारस देह आणि दान केलेले देह शेजारी शेजारी नांदतात. भिन्न नैतिक पाया असलेल्या दोन गोष्टी एका दमात सांगण्याची ही सोय कायद्याला परवडते. शास्त्राला ती परवडावी का, हा प्रश्न युरोपातील एका अनुभवाने अटळ करून ठेवला आहे.

व्हिएन्नाचे शरीरशास्त्रज्ञ एडुआर्ड पर्नकॉप्फ यांच्या शरीरचित्रसंग्रहाचा पहिला खंड १९३७ मध्ये निघाला. मज्जातंतूंचे इतके सूक्ष्म रंगीत चित्रण दुसरीकडे नसल्याने शल्यचिकित्सक दशकानुदशके तो टेबलाशेजारी उघडून ठेवत. पर्नकॉप्फ कट्टर नाझी होते. १९३८ मध्ये ते वैद्यक विभागाचे अधिष्ठाता आणि पुढे विद्यापीठाचे प्रमुख झाले, आणि त्यांच्या काही चित्रकारांनी आपल्या सहीत स्वस्तिक व एस. एस. दलाच्या खुणा गुंफल्या होत्या. नंतरच्या आवृत्त्यांत त्या खुणा पुसून टाकल्या गेल्या. चित्रांत कोणाचे देह आहेत हा प्रश्न लावून धरला गेल्यावर विद्यापीठाने चौकशी केली, आणि १९९८ च्या अहवालानुसार नाझी काळात देहान्त शासन झालेल्या किमान १,३७७ जणांचे देह तेथील शरीररचनाशास्त्र संस्थेत आले होते. प्रकाशकांनी पुस्तक थांबवले. तरीही मज्जातंतूची अवघड शस्त्रक्रिया करताना एखादा सर्जन अडला तर ते चित्र पाहावे की नाही, हा पेच उरला. रब्बी जोसेफ पोलाक यांनी २०१७ मध्ये यहुदी धर्मशास्त्राच्या आधाराने दिलेला निर्णय असा की, प्राण किंवा आरोग्य वाचत असेल तर चित्र वापरावे, मात्र ते कोठून आले हे संबंधितांना स्पष्ट सांगूनच. आभाराहून वेगळी अशी ही पोच आहे. ज्यांनी दिले नाही त्यांचे आभार मानता येत नाहीत. त्यांच्याकडून काय व कसे घेतले एवढे सांगता येते. बर्लिनमध्ये हेर्मान श्टीव्हे या शरीरशास्त्रज्ञाने देहान्त शासन झालेल्यांच्या ऊतींचे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी कापलेले सुमारे ३०० नमुने त्याच्या मागे सापडले, आणि मे २०१९ मध्ये ते एका दफनभूमीत विधिपूर्वक पुरण्यात आले. काचपट्टीवरच्या केसभर तुकड्यांसाठी दफनविधी करणे काहींना अतिरेक वाटेल. पण त्या तुकड्यांखेरीज नातलगांच्या हाती दुसरे काही उरलेच नव्हते.

देहदान, म्हणजे जिवंतपणी विचारपूर्वक संमती देऊन आपला देह मरणोत्तर शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी देणे, ही प्रथा भारतात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच आकाराला आली. १९५६ मध्ये पुण्यात पांडुरंग श्रीधर आपटे यांचा देह बी. जे. मेडिकल कॉलेजला मिळाला, आणि भारतातील ऐच्छिक देहदानाच्या पहिल्या नोंदींत त्याची गणना होते. भारताचे नागरिकत्व घेतलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकिनाड्याच्या रंगराय मेडिकल कॉलेजात गेला. मूळचे हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे, जनसंघाचे नेते नानाजी देशमुख आणि साम्यवादी नेते ज्योती बसू हे दोघे २०१० मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने गेले आणि दोघांचेही देह वैद्यकीय संस्थांना मिळाले. विचारसरणीची दोन टोके या एका गोष्टीवर एकत्र आलेली पाहणे मौजेचे आहे. महाराष्ट्रातील देहदान संस्थांनी वज्रासाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींचे नाव वारंवार पुढे केले, कारण दहनावाचून गती नाही असे मानणाऱ्या घरात शास्त्राच्या उपयुक्ततेपेक्षा पुराणाचा दाखला लवकर पटतो. खरे तर देह हाती नसताना पळसाच्या पानांची प्रतिकृती करून दहन करण्याचा पालाशविधी धर्मशास्त्राने सांगून ठेवलेलाच आहे. अडचण शास्त्रापेक्षा सवयीची अधिक आहे.

देहदानाची प्रत्यक्ष प्रक्रिया साधी असली तरी ती नातेवाइकांच्या मनावर अवलंबून असते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागातून अर्ज आणून, त्यावर साक्षीदारांच्या सह्या घेऊन तो भरून दिला, तरी मृत्यूनंतर देह पोहोचवायचा तो घरच्यांनीच, आणि त्यांनी त्या क्षणी नको म्हटले तर अर्ज कपाटात राहतो. डॉक्टरचा मृत्यूचा दाखला घेऊन देह काही तासांत विभागात न्यावा लागतो. अपघात, आत्महत्या असे पोलिसांकडे जाणारे मृत्यू किंवा काही संसर्गजन्य आजार असल्यास तो नाकारला जातो. विभागात मांडीची किंवा मानेची मोठी रोहिणी उघडून तिच्यातून फॉर्मलिन मिसळलेले द्रावण सर्व शरीरात भरले जाते, आणि मग देह टाकीत ठेवला जातो. फॉर्मलिनचा हा गुण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्षात आला. त्याआधी उष्ण प्रदेशात विच्छेदन म्हणजे कुजण्याशी शर्यत असे. नोंदवहीत दात्याचे नाव, वय आणि तारीख लिहिली जाते, देहाला मात्र क्रमांकाची चकती बांधतात, आणि विच्छेदनकक्षात विद्यार्थ्यांना तो क्रमांकच माहीत असतो. त्याच कक्षात शेजारच्या टेबलावर असलेल्या बेवारस देहालाही क्रमांकच असतो. पहिल्याने आपले नाव आपखुशीने मागे ठेवलेले असते, दुसऱ्याचे कोणी विचारलेले नसते.

नाव झाकलेच पाहिजे असे काही नाही. थायलंडमध्ये विद्यार्थी दात्याला 'आजार्न याय', म्हणजे थोर गुरू, म्हणतात, त्याचे नाव त्यांना ठाऊक असते, आणि अभ्यासक्रम संपल्यावर समारंभपूर्वक अंत्यसंस्कार होतो. तैवानमधील त्सू ची या बौद्ध संस्थेच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी आधी दात्याच्या कुटुंबाला भेटतात आणि त्याचे आयुष्य समजून घेतात. भारतात २०१९ पासून लागू झालेल्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमातील वर्तन व नीतीविषयक भागात मृतदेह हाच पहिला गुरू असा स्वतंत्र घटक आहे, आणि अनेक महाविद्यालयांत पहिल्या दिवशी विद्यार्थी आदराची शपथ घेतात. फुले वाहून, हात जोडून शपथ घेतली जाते तेव्हा समोरचा देह दिलेला आहे की बेवारस आहे हे सांगितले जातेच असे नाही.

हाच प्रश्न संशोधनात अधिक टोकदार होतो. शरीररचनाशास्त्र संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये देहदानाविषयीच्या शिफारशी प्रसिद्ध करून लेखी संमती, व्यापाराला बंदी आणि कृतज्ञतेचे कार्यक्रम यांचा आग्रह धरला. त्यानंतर अनेक शरीरशास्त्र नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन २०२१ मध्ये छापलेल्या निवेदनात अशी शिफारस केली की, मानवी देहांवर आधारलेल्या प्रत्येक शोधनिबंधात दात्यांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे आभार मानावेत. त्यासाठी वापरता येईल असा नमुना-मजकूरही त्यांनी दिला. ग्रे यांच्या प्रस्तावनेपासून दीड शतकाहून अधिक काळ रिकामी राहिलेली जागा अशी भरली गेली, आणि ते स्वागतार्हच आहे. परंतु तयार मजकुराची एक खोड अशी की तो उतरवून घ्यायला सोपा असतो. ज्या विभागात दोन्ही प्रकारचे देह येतात, तेथून निघणाऱ्या निबंधाच्या अखेरीस विज्ञानासाठी देह देणाऱ्यांचे आभार असे छापले, तर बेवारस मृतही कागदावर दाते बनतात, आणि त्यांच्याकडून कधीच न मागितलेली संमती त्यांच्या नावे जमा होते. पूर्वीचे मौन निदान खोटे बोलत नव्हते. अशा निबंधाला दोन वाक्ये लागतील : दात्यांचे आभार मानणारे एक, आणि उरलेले देह कोणत्या कायद्याने, कोणत्या रुग्णालयातून, त्यांना विचारल्यावाचून मिळाले हे सांगणारे दुसरे. दुसऱ्या वाक्याचा नमुना त्या निवेदनात दिलेला नसला, तरी ते लिहिण्यासाठी लागणारी माहिती विभागाच्या नोंदवहीत, नावाच्या रिकाम्या रकान्याशेजारी, लिहिलेली असते.